हवा पट्ट्यावरची की धुरावरची?

टोयोटा आणि सुबारू या दोन जपानी कंपन्यांनी मिळून २०१२ साली एक छोटी कूपे बाजारात आणली. टोयोटाने तिला ‘८६’ म्हटलं, सुबारूने ‘बीआरझेड’. दोन दारं, मागच्या चाकांना ताकद, वजन साडेबाराशे किलोच्या आसपास आणि पुढे १९९८ सीसीचं आडवं बॉक्सर इंजिन. ७००० आरपीएमला २०० अश्वशक्ती. मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांना या गाडीत टर्बो नकोच होता. पाय दाबला की तेवढीच आणि तेव्हाच ताकद मिळावी, हा त्यांचा हट्ट. टायरसुद्धा मुद्दाम बेताचे, २१५ मिलिमीटर रुंदीचे.

आणि तरीही गाडी रस्त्यावर आल्यापासून तिच्या मालकांत एकच वाद रंगत आला आहे: हिला सुपरचार्जर बसवावा की टर्बो?

वादाला कारण आहे. हे इंजिन साधारण ३५०० ते ४५०० आरपीएमच्या मध्ये मलूल होतं. टॉर्कचा आलेख चढत चढत येतो, इथे खाली बसतो आणि मग पुन्हा उठतो. वळणावरून बाहेर पडताना तिसरा गिअर असेल, तर काटा नेमका याच खड्ड्यात घुटमळतो. पाय पूर्ण दाबलेला, आवाज भरपूर, पिकअप मात्र नाही. २०० अश्वशक्ती कमी पडते म्हणून कुरकुरणाऱ्यांपैकी निम्म्यांची खरी तक्रार ही असते, असं माझं मत आहे. म्हणून सुपरचार्जर किंवा टर्बोचं किट निवडताना ताकदीचा सगळ्यात वरचा आकडा बघू नये, या खड्ड्याचं काय होतं ते बघावं.

आधी हवेचा हिशेब. दोन लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेऱ्यात एक लिटर हवा ओढतं. ७००० फेऱ्यांना मिनिटाला ७००० लिटर. ही हवा बाहेरच्या दाबापेक्षा अर्धा बार जास्त दाबाने आत कोंबली की ऑक्सिजन जवळपास दीडपट जातो, पेट्रोल त्या प्रमाणात जाळता येतं आणि ताकद वाढते. सुपरचार्जर आणि टर्बो दोघंही एवढंच करतात. फरक आहे तो खर्च कुणाच्या खिशातून जातो यात. सुपरचार्जर पट्ट्याने क्रँकशाफ्टला जोडलेला असतो, म्हणजे इंजिनाच्याच कमाईवर चालतो. वरच्या हिशेबाने ७००० आरपीएमला पंधरा-वीस अश्वशक्ती तर नुसती हवा दाबण्यात जाते. टर्बो सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर फिरतो. हे फुकट आहे असं सांगितलं जातं, पण टर्बाइनमुळे धुराची वाट अडते आणि इंजिनाला तो जोर लावून बाहेर ढकलावा लागतो. तरी एकूण हिशेबात टर्बोच स्वस्त, हे मान्य करायला हवं.

पण ‘सुपरचार्जर’ या एका पाटीखाली दोन वेगळ्याच जातीची यंत्रं विकली जातात. पहिली जात रूट्स बंधूंची. १८६० साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात या भावांनी एकमेकांत फिरणाऱ्या दोन रोटरांच्या ब्लोअरचं पेटंट घेतलं. मोटारगाडी तेव्हा जन्मालाही आली नव्हती. आजच्या पिळदार रोटरांचे ब्लोअर त्याच घराण्यातले. दर फेऱ्याला ठरावीक हवा पुढे ढकलायची हा त्यांचा धर्म, त्यामुळे दोन हजार आरपीएमलाही दाब हजर असतो आणि खड्डा जवळजवळ बुजतो.

दुसरी जात सेंट्रिफ्युगल. दिसायला ही टर्बोच्या अर्ध्या भागासारखी, फक्त धुराऐवजी पट्ट्यावर फिरणारी. हिचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ७००० ला अर्धा बार मिळत असेल, तर ३५०० ला जेमतेम त्याचा चौथा हिस्सा. म्हणजे आलेख सगळाच थोडा वर उचलला जातो, खड्डा मात्र जिथल्या तिथे. ट्रॅकवर काटा सतत वर ठेवणाऱ्याला याने काही बिघडत नाही. रोजच्या रस्त्यावर चालवणाऱ्याने मात्र पैसे खर्चून जुनीच तक्रार जपली, असं होतं.

टर्बोचा लॅग हा पूर्वी बदनाम विषय होता. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोमध्ये ताकद उशिरा यायची आणि आली की एकदम अंगावर. आता बॉल बेअरिंग आणि नेमक्या आकाराचं टर्बाइन यामुळे तसं राहिलेलं नाही. बेताचा टर्बो दोन लिटरच्या इंजिनावर साडेतीन हजारांच्या आत पूर्ण दाब धरू शकतो, म्हणजे खड्ड्याच्या जागी उलट टेकडी उभी राहते. पण वळणाच्या मध्यात, मागची चाकं पकडीच्या काठावर असताना, पाय अर्धा इंच हलवल्यावर टॉर्क क्षणभर मागून आणि मागितल्याहून जास्त आला तर? बेताच्या टायरवर गाडीची शेपूट तिथेच सुटते. सरळ रस्त्यावर मजा आणणारी हीच गोष्ट तादांच्या गाडीचा स्वभाव बिघडवते.

उष्णतेचं प्रकरण मात्र दोन्हींना नडतं. सायकलला हवा भरताना पंप तापतो, तीच ही गोष्ट. ३० अंशांची हवा अर्धा बार जास्त दाबाने भरली की चांगल्या कॉम्प्रेसरमधूनही ती ८० अंशांच्या आसपास जाते. रूट्सच्या घराण्यात आणखी तापते. त्यात या इंजिनाचं कॉम्प्रेशन १२.५ ला एक, म्हणजे नॉकिंगला, मिश्रण आपोआप पेटण्याला, आमंत्रणच. सुबारूने याच इंजिनाच्या घराण्यातलं टर्बो इंजिन आपल्या डब्ल्यूआरएक्स गाडीसाठी बनवलं तेव्हा कॉम्प्रेशन १०.६ वर आणलं. किट विकणारे ही गोष्ट फारशी बोलून दाखवत नाहीत. टर्बोचा इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा गार करणारा भाग, बंपरमागे समोरच्या वाऱ्यात बसतो. ब्लोअर इंजिनाच्या डोक्यावर, म्हणून त्याला बहुधा पाण्याचा इंटरकूलर लागतो. ट्रॅकवर फेऱ्या वाढत गेल्या की ते पाणी तापतं, इंजिनाचा संगणक (ईसीयू) स्पार्क मागे घेतो आणि ताकद गळते. टर्बोवाल्यांचा हा मुद्दा खरा आहे.

दुसरी अडचण कनेक्टिंग रॉडची. या इंजिनाचं ते नाजूक अंग मानलं जातं, आणि कमी आरपीएमला अचानक उसळणारा टॉर्क त्याला सगळ्यात जास्त सोसावा लागतो. म्हणून मूळ इंजिन न उघडता टर्बो बसवायचाच असेल, तर दाब अर्ध्या बारच्या आसपास आणि ट्यूनिंग हळुवार. तीनशे अश्वशक्तीच्या बऱ्याच पुढे जायचं असेल तर आधी रॉड आणि पिस्टन बदला, मग खुशाल टर्बो लावा; तिथे ब्लोअरने त्याच्या नादी लागू नये.

कायद्याचंही बघावं लागतं. कॅलिफोर्नियात तिथल्या हवा-मंडळाची मंजुरी नसलेलं किट स्मॉग तपासणीत अडकतं. या गाडीचा पहिला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थेट एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्येच आहे. टर्बो बसवायचा तर बहुधा तोच काढावा लागतो. सुपरचार्जर त्याला हात लावत नाही. भारतात गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पाहता असली हौस आरटीओसमोर टिकणं अवघड.

माझं मत विचाराल, तर रस्त्यावर चालवायच्या ८६ ला रोटरवाला सुपरचार्जर, किटच्या कंपनीने दिलेल्याच पुलीवर. पुली लहान करून दाब वाढवायचा मोह होतो, तो टाळावा. सोबत ऑइल कूलर हवाच.

टोयोटाने स्वतः यातला एकही रस्ता धरला नाही. २०२१ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत स्ट्रोक ८६ मिलिमीटरच ठेवून बोअर ९४ केला, इंजिन २३८७ सीसीचं झालं, आणि २५० न्यूटन-मीटर टॉर्क ३७०० आरपीएमलाच मिळू लागला, म्हणजे जुन्या खड्ड्याच्या ऐन जागी. तेव्हा पहिल्या पिढीच्या मालकाने किट, मजुरी, ट्यूनिंग, जाडजूड क्लच आणि कूलर यांची बेरीज करताना शेजारी आणखी एक आकडा मांडावा: आपली गाडी विकून ही नवी घ्यायची तर वर किती घालावे लागतील.