शहर आधी, विद्यापीठ नंतर

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला किंवा मुलीला यवतमाळात पहिला प्रश्न विचारतात तो ‘कोणतं विद्यापीठ?’ हा. दुसरा ‘फी किती?’, तिसरा ‘कर्ज कोणत्या बँकेचं?’. ‘त्या गावात राहायला किती लागतं?’ हा प्रश्न व्हिसा हाती आल्यावर, बॅगा भरताना निघतो. तोवर शहर ठरून गेलेलं असतं आणि त्यासोबत पुढच्या दोन वर्षांचा खर्चही. माझं म्हणणं साधं आहे. स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशावर जाणाऱ्या कुटुंबाने हा क्रम उलटा करावा. आधी परवडणारी चार-पाच शहरं निवडावीत आणि मग त्या शहरांतली विद्यापीठं, अभ्यासक्रम आणि प्रवेशाच्या अटी पाहाव्यात. कारण शिकवणी फी जिथे नाही किंवा नाममात्र आहे, तिथे शिक्षणाची खरी किंमत विद्यापीठ ठरवत नाही, घरमालक ठरवतो.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यातून परदेशी जाणं आता नवलाचं राहिलेलं नाही. एकलव्य इंडिया फाउंडेशनसारखी संस्था याच मातीत उभी राहिली, तिचे संस्थापक राजू केंद्रे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले आणि वंचित घरांतल्या मुलांना त्या वाटेची माहिती मिळू लागली. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत. कुशल कामगार पाठवण्यासाठी महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी फेब्रुवारी २०२४ मध्ये करारही केला. शिकायला जाणाऱ्यांचा मोठा ओढा जर्मनीकडे आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत भारतीयांचा क्रमांक पहिला होता. म्हणून या लेखात जर्मनीचाच हिशेब मांडतो.

जर्मनीच्या व्हिसासाठी विद्यार्थ्याला एका वर्षाचा राहण्याचा खर्च बंद खात्यात आधीच भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. तिथे पोचल्यावर त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात. खरी फसगत इथे होते. ही रक्कम देशभर एकच आहे, त्यामुळे म्युनिकला जा की केम्निट्झला, खर्च सारखाच येणार असं वाटतं. ब्रिटनचा व्हिसा निदान सत्य सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये लंडनमध्ये शिकणाऱ्याला महिन्याला १,४८३ पौंड दाखवावे लागत होते आणि लंडनबाहेर १,१३६. शहराशहरांत फरक असतो, हे तिथल्या सरकारनेच कागदावर मान्य केलं आहे. जर्मनीत तो फरक आपला आपण शोधावा लागतो.

आणि शोधायला बसलं की एक गोष्ट लख्ख दिसते. जर्मनीत विद्यार्थ्याच्या जगण्यातल्या बहुतेक किमती देशभर जवळपास सारख्या आहेत. २०२५ मध्ये किमान वेतन सगळीकडे तासाला १२.८२ युरो होतं. देशभर लोकल गाड्या, ट्राम आणि बस चालणारा मासिक पास तेव्हा ५८ युरोंचा होता. विद्यार्थ्याचा आरोग्य विमा महिन्याला १४५ युरोच्या घरात होता. साखळी दुकानांतलं दूध, पाव, तांदूळ, बटाटे यांचे दरही फारसे हलत नाहीत. हलतं ते घरभाडं. म्युनिकमध्ये दोन-तीन जणांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटमधल्या एका खोलीचं सरासरी भाडं ८०० युरोच्या आसपास आहे, तर केम्निट्झमध्ये ३०० च्या आसपास. आता ९९२ मधून म्युनिकचं भाडं आणि विमा वजा करा. हातात ४७ युरो उरतात आणि त्यात महिनाभर जेवायचं. केम्निट्झमध्ये तीच वजाबाकी ५४७ वर थांबते. २०२५ च्या किमान वेतनावर काम करून नुसतं भाडं काढायचं ठरवलं, तर म्युनिकमध्ये महिन्याला बासष्ट तास राबावं लागतं, केम्निट्झमध्ये तेवीसेक. मधले एकोणचाळीस तास अभ्यासाचे आहेत, भाषेचे आहेत, झोपेचे आहेत.

हा फरक यवतमाळच्या भाषेत मांडला की त्याचं वजन कळतं. महिन्याला ५०० युरो म्हणजे दोन वर्षांत १२,००० युरो. व्हिसासाठी भरलेल्या आख्ख्या वर्षाच्या रकमेइतकाच हा आकडा आहे. युरो शंभर रुपयांचा धरला तर बारा लाख. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या भावाने बारा लाख उभे करायला सुमारे १४८ क्विंटल कापूस लागतो. कोरडवाहू एकरी पाच क्विंटल धरले, तर तीस एकरांचं एका हंगामाचं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी आणि वेचाईचा खर्च न वजा करता. शिवाय बँक मोठ्या शैक्षणिक कर्जाला तारण मागते तेव्हा शेतजमीन सहसा चालत नाही. घर किंवा एन.ए. प्लॉट लागतो. म्हणजे दहा-बारा एकरांचा धनी असलेला बापही राहतं घरच गहाण ठेवतो. कोर्स चालू असताना हप्ते थांबतात, पण व्याज चढतच राहतं. एवढं सगळं पणाला लागलेलं असताना शहराची निवड शेवटच्या आठवड्यावर सोडणं मला परवडणारं वाटत नाही.

केम्निट्झचं नाव मी वारंवार घेतो आहे, त्याला स्वस्ताईपलीकडचंही कारण आहे. सॅक्सनी राज्यातलं हे अडीच लाख वस्तीचं शहर कापसावर उभं राहिलं. कापूस तिथे पिकत नाही, पण तो कातण्याची यंत्रं तिथे घडली. १८०० च्या सुमारास बेर्नहार्ड बंधूंनी शहरालगतच्या हार्टाऊ गावात यांत्रिक सूतगिरणी काढली आणि १८०२ मध्ये ब्रिटनहून आलेल्या एव्हन इव्हान्स नावाच्या कारागिराने तिथे कताईयंत्रं बांधायला घेतली. परदेशातून आलेल्या कुशल माणसाच्या हातून या शहराचा उद्योग वाढला, ही गोष्ट स्थलांतराविषयीच्या आजच्या वादांत विसरली जाते. पुढे रिशार्ड हार्टमान यांचा यंत्रांचा आणि रेल्वे इंजिनांचा कारखाना आला, लुई शोनहेर यांचे यंत्रमाग आले आणि शहराला ‘सॅक्सनीचं मँचेस्टर’ म्हणू लागले. तिकडे मँचेस्टरच्या गिरण्यांची भूक भागवायला वऱ्हाडचा कापूस बंदराकडे जात होता. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही किलिक निक्सन कंपनीची अरुंद रेल्वे, म्हणजे आपली शकुंतला, १९०३ मध्ये त्याचसाठी रुळांवर आली.

केम्निट्झची आजची स्वस्ताई याच इतिहासातून आली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर शहर पूर्व जर्मनीत गेलं. १९५३ पासून १९९० पर्यंत त्याचं नाव कार्ल-मार्क्स-श्टाट होतं. यंत्रमागांचे आणि कताईयंत्रांचे सरकारी कारखाने जोरात होते आणि लोकसंख्या तीन लाखांच्या पुढे होती. दोन्ही जर्मनी एक झाले, सरकारी कारखाने एकामागून एक बंद पडले, तरुण पश्चिमेकडे गेले आणि हजारो घरं रिकामी झाली. घरं जास्त आणि माणसं कमी, म्हणून भाडं कमी. आपल्याकडे रिकामं झालेलं गाव बघवत नाही, पण तिथे उरलेली ती घरं आज बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याच्या कामी येतात. रेल्वे स्थानकाजवळ १८५७ ते १८५९ या काळात बांधलेली एक प्रचंड सूतगिरणी होती, आल्टे आक्टिएनश्पिनेराय. ती पाडली नाही. डागडुजी करून २०२० मध्ये तिथे केम्निट्झच्या तांत्रिक विद्यापीठाचं ग्रंथालय सुरू झालं. जिथे कापसाच्या गाठी फुटून सूत निघायचं, त्याच भिंतींत आज मुलं अभ्यास करतात. कापसाच्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला जगात याहून जवळची अभ्यासिका मिळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

हा निव्वळ भावनेचा भाग नाही. यवतमाळच्या जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालयात टेक्स्टाइल इंजिनीअरिंग शिकवतात आणि शहरालगत लोहाऱ्याच्या एमआयडीसीत रेमंडचा डेनिमचा कारखाना आहे. या वाटेने आलेल्या विद्यार्थ्यासाठी केम्निट्झमध्ये सॅक्सनी वस्त्रसंशोधन संस्था आहे, ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात वस्त्रयंत्रांची संस्था आहे, म्योनशेनग्लाडबाखला नीडरऱ्हाइन विद्यापीठाचा वस्त्रविभाग आहे, तर बव्हेरियातच, पण म्युनिकपासून दूर, होफ विद्यापीठाचं म्युंशबेर्गचं वस्त्रकेंद्र आहे. यातलं एकही गाव म्युनिकइतकं महाग नाही. हा योगायोगही नाही. कापड उद्योग जिथे वाढला आणि ओसरला तिथे विद्या राहिली, घरं राहिली, फक्त भाडं उतरलं. वणीच्या कोळसापट्ट्यातल्या मुलाला खाणकाम शिकायचं असेल, तर केम्निट्झपासून जवळच फ्रायबेर्गला १७६५ मध्ये स्थापन झालेलं खाण विद्यापीठ आहे आणि तेही लहान गावात. म्हणजे आधी शहर पाहिलं तर विद्या हातची जाते असं नाही. उलट नेमकी विद्या कुठे आहे, हे अनेकदा तेव्हाच दिसतं.

यावर पहिला आक्षेप येतो नोकरीचा. मोठ्या कंपन्या म्युनिकला आणि श्टुटगार्टला आहेत, पगारही तिथे जास्त, मग लहान गावात कशाला अडकायचं? आक्षेपात तथ्य आहे. केम्निट्झ-झ्विकाऊ भागात मोटारउद्योग असला तरी अर्धवेळ कामाचे पर्याय म्युनिकइतके नाहीत. पण विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवसांचीच काम करण्याची मुभा आहे आणि जर्मन भाषा नीट येईपर्यंत चांगल्या कंपनीचं दार सहसा उघडत नाही. पहिल्या वर्षी बहुतेकांच्या वाट्याला गोदाम, उपाहारगृह, घरपोच डिलिव्हरी अशीच कामं येतात आणि त्यांचं किमान वेतन देशभर एकच. पदवीनंतर नोकरी शोधायला अठरा महिने मिळतात. शेवटचा प्रबंध कंपनीत जाऊन करता येतो. तेव्हा म्युनिक गाठावं, पगार हातात घेऊन. इथे आपण दोन वर्षांचं शहर निवडतो आहोत, जन्माचं नाही.

दुसरा आक्षेप रँकिंगचा. सरकारी शिष्यवृत्तीला विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, तेव्हा शहर आधी कसं निवडणार? शिष्यवृत्ती मिळालेल्याने जरूर क्रमवारी पाहावी, कारण त्याचा निर्वाहखर्च शिष्यवृत्तीतून भागतो. माझं सांगणं त्याच्यासाठी नाही, घर गहाण ठेवून जाणाऱ्यासाठी आहे. त्याने क्रमवारीसाठी जादा मोजलेले बारा लाख पगारातून भरून निघतीलच, याची हमी कुणी देत नाही. आणि महागड्या शहरात काही ठिकाणी आता फीसुद्धा आली आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०२४-२५ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी सत्राला चार ते सहा हजार युरो फी लावली. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्य २०१७ पासून सत्राला १,५०० युरो घेतं.

तिसरा आक्षेप म्युनिकच्या वसतिगृहांचा. तिथे खोल्या निम्म्या भाड्यात मिळतात, हे खरं. पण प्रतीक्षायादी सेमिस्टरच्या सेमिस्टर सरकत नाही. खोली मिळेपर्यंत राहायचं कुठे, याचं उत्तर बाजारभावानेच मोजावं लागतं. जी खोली मिळण्याची खात्री नाही, तिच्या भाड्यावर हिशेब बांधू नये.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, तो आपलेपणाचा आणि सुरक्षिततेचा. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, गणपती बसतो, दिवाळीला फराळ मिळतो. केम्निट्झमध्ये ऑगस्ट २०१८ मध्ये परकीयांविरुद्ध उग्र निदर्शनं झाली आणि फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत सॅक्सनीत स्थलांतराला विरोध करणाऱ्या पक्षाला सदतीस टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली. हे लपवून कुणालाही तिकडे जा म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथल्या तांत्रिक विद्यापीठात चौथ्या हिश्श्याहून जास्त विद्यार्थी परदेशी आहेत, त्यांत भारतीयांचा गट मोठा आहे आणि वसतिगृहं कॅम्पसलाच लागून रायशेनहायनर रस्त्यावर आहेत, त्यामुळे रात्री लांबचा प्रवास पडत नाही. २०२५ मध्ये हे शहर युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं. तरीही मनात धाकधूक असेल, विशेषतः मुलीला पाठवताना, तर मन मारू नये. रूर खोऱ्यातली बोखुम, डोर्टमुंड, एसेन, ड्यूसबुर्ग ही शहरं पाहावीत. कोळसा आणि पोलादावर वाढलेला हा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच्या माणसांनी भरलेला आहे, बहुतेक अभ्यासक्रमांना फी नाही, भाडं म्युनिकहून बरंच कमी आहे आणि कामंही मिळतात. परवडणारं शहर एकच असतं असं नाही. यादी करायची ती म्हणूनच.

ही यादी करताना चार गोष्टी तपासाव्यात. जाहिरातीतलं भाडं थंड आहे की उबदार, हे आधी विचारावं. थंड भाड्यात हीटिंग आणि पाण्याचा खर्च धरलेला नसतो आणि तिथला हिवाळा यवतमाळचा नव्हे. अनामत थंड भाड्याच्या तीन पटींहून जास्त घेता येत नाही, असा कायदा आहे. खोली पाहण्याआधी पैसे पाठवा म्हणणाऱ्यापासून दूर राहावं. घरमालक महापालिकेतल्या नोंदणीसाठी पत्र देणार का, हे लेखी घ्यावं, कारण त्या नोंदणीवाचून निवासपरवान्याचं काम अडतं. आणि विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र हाती येताच, त्याच दिवशी भरावा. बाडेन-वुर्टेमबर्गच्या करारातून कामाला जाणाऱ्यांनीही सहीआधी हेच विचारावं, की गाव कोणतं, खोली कोण देणार आणि पगारातून भाडं किती कापणार.

मुलगी बर्लिनला गेली, मुलगा म्युनिकला गेला, हे सांगताना घरच्यांना वाटणारा अभिमान मी कमी लेखत नाही. पण कर्ज फेडून घराचे कागद बँकेतून परत आणले, हा अभिमान त्याहून मोठा आणि जास्त टिकणारा. तो वर्ष-दोन वर्षं लवकर मिळावा असं वाटत असेल, तर येत्या सत्राचे अर्ज भरण्याआधी एका कागदावर पाच शहरांची नावं आणि प्रत्येकासमोर खोलीचं भाडं लिहा. विद्यापीठांची यादी त्यानंतर उघडा.