सायकलच्या ब्रेकची चकती कशाची असावी?

ब्रेक दाबला की सायकल थांबते. पण तिची गतिज ऊर्जा जाते कोठे? ऊर्जा नाहीशी होत नाही, हे आपण शिकलो आहोत. घर्षणामुळे तिची उष्णता होते. साध्या सायकलीत ब्रेकचे रबर रिमवर घासते. डिस्क ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणारी, हबला बसवलेली एक पातळ चकती असते. ब्रेकचे पॅड तिला दोन्ही बाजूंनी दाबतात आणि तीच तापते.

ही चकती बहुधा स्टेनलेस स्टीलची असते. स्टीलची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे 7.8 ग्रॅम, तर अ‍ॅल्युमिनिअमची अवघी 2.7 ग्रॅम आहे. मग हलक्या अ‍ॅल्युमिनिअमची चकती का करीत नाहीत? थोडे गणित करून पाहू.

समजा, सायकल व स्वार यांचे मिळून वस्तुमान 90 किलोग्रॅम आणि वेग ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर आहे. गतिज ऊर्जा = ½ × 90 × 10 × 10 = 4500 ज्यूल. ही सर्व ऊर्जा 120 ग्रॅमच्या एकाच स्टीलच्या चकतीत गेली असे मानू. 1 ग्रॅम स्टील 1 अंश सेल्सिअसने तापवण्यास सुमारे 0.5 ज्यूल लागतात. म्हणजे चकतीला दर अंशास 60 ज्यूल लागतील व तिचे तापमान 75 अंशांनी वाढेल.

तशाच आकाराची अ‍ॅल्युमिनिअमची चकती सुमारे 42 ग्रॅम भरेल. अ‍ॅल्युमिनिअमचा विशिष्ट उष्मा 0.9, म्हणजे जवळजवळ दुप्पट आहे. पण वस्तुमान इतके घटले की दर अंशास 38 ज्यूलच पुरतात. तापमान सुमारे 120 अंशांनी वाढते!

हे झाले एकदा थांबण्याचे. घाटात दहास एक असा उतार ताशी 18 किलोमीटर वेगाने उतरताना आपण दर सेकंदास अर्धा मीटर खाली येतो. म्हणजे प्रत्येक सेकंदाला 90 × 9.8 × 0.5 = 441 ज्यूल! काही भाग हवेच्या विरोधात खर्च होतो, उरलेला ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून ठेवला, तर चकती 200 अंशांपलीकडेही जाते. अ‍ॅल्युमिनिअम 660 अंशांना वितळते हे खरे. पण त्याच्या मिश्रधातूंची ताकद त्याच्या बरीच आधी कमी होऊ लागते. शिवाय ते मऊ असल्याने पॅडखाली लवकर झिजते. टिटॅनियम 1668 अंशांपर्यंत वितळत नाही. मात्र ते उष्णतेचे मंद वाहक आहे आणि तेवढ्याच आकाराची त्याची चकतीही स्टीलपेक्षा लवकर तापते.

यावर एक युक्ती आहे. जपानच्या शिमानो कंपनीने स्टीलच्या दोन पातळ थरांमध्ये अ‍ॅल्युमिनिअमचा थर बसवलेल्या चकत्या काढल्या. घर्षण सोसते स्टील आणि उष्णता झटपट पसरवते अ‍ॅल्युमिनिअम.

हलकेपणाचा खरा लाभ किती, तेही पाहा. आपल्या उदाहरणात दोन चकत्यांमागे वाचतात जेमतेम 156 ग्रॅम, म्हणजे पाण्याचे चार-पाच घोट! तेवढ्यासाठी ब्रेकची उष्णता पेलण्याची शक्ती गमावणे शहाणपणाचे नाही. म्हणून वजन घटवण्यासाठी चकतीला स्वतः भोके पाडू नका आणि उतार संपताच तिला हात लावू नका. आता स्वतःचे व सायकलचे वजन घालून हेच गणित पुन्हा करून पाहा.