व्याज वडिलांचे, मुद्दल लेकरांचे

मृगाचा पाऊस आणि महाविद्यालयांचे प्रवेश ही दोन्ही शेतकऱ्याच्या दारात एकाच सुमारास येऊन उभी राहतात. बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमेलगतच्या तालुक्यांत मराठी बोलणारी असंख्य कुटुंबे कोरडवाहू शेतीवर जगतात. त्यांच्या घरात असेल नसेल तो पैसा जून-जुलैत बियाण्यांत आणि खतांत जातो. आणि नेमक्या त्याच दिवसांत मुलाच्या फीची, खोलीच्या अनामत रकमेची आणि खानावळीच्या आगाऊ पैशाची मागणी येते. मूग-उडीद हाती यायला भाद्रपद उजाडावा लागतो, सोयाबीन दसरा-दिवाळीला येते, आणि ज्या तुरीमुळे कलबुर्गीचे नाव देशभर झाले व जिला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तिची रास होऊन पैसा हाती येईतो जानेवारी लागतो. महाविद्यालयाचे वर्ष आणि शेताचे वर्ष यांच्यात असे सहा महिन्यांचे अंतर आहे. हे अंतर कोणी भरून काढायचे, हा वरवर हिशेबाचा प्रश्न. पण आमच्या मते तो बापलेकांच्या नात्याचाही प्रश्न आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हां गोमंतकीयांस या दूरच्या पठारी मुलखाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, शिक्षणासाठी लेकरू सीमेपलीकडे धाडण्याचे दुःख आम्हांस परके नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि १९६२ साली पणजीत धेंपे व मडगावात चौगुले ही महाविद्यालये उभी राहिली. तोवर कला-विज्ञानाची पदवी हवी असलेल्या मुलास घाट चढून बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. गोव्यास स्वतःचे विद्यापीठ मिळायला तर १९८५ साल उजाडले. त्या पिढीने कुळागराचे उत्पन्न, आईचे दागिने आणि नातेवाइकांच्या घरचा आश्रय यांवर शिक्षण केले. आज जे सीमाभागात चालले आहे ते आमच्या आजोबांच्या घरी घडून गेलेले आहे.

बीदरची सीमा तर माणसांनी ओलांडली नाही, तीच माणसांवरून गेली. निजामी राजवटीपासून उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा हे तालुके मराठी मुलखात गेले आणि भालकी, औराद, बसवकल्याण म्हैसूर राज्यात राहिले. परिणाम असा झाला की, सोयरिकी आणि बाजारहाट ज्या उदगिराशी, तेथील महाविद्यालय परराज्याचे ठरले. सीमेचा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, पण मुलाचे प्रवेशाचे वय काही त्यासाठी थांबत नाही.

शिक्षणाची दारे या मुलांस अगदी बंद आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. कर्नाटकाच्या बाजूने पाहिले तर गुलबर्गा विद्यापीठ १९८० साली स्थापन झाले, आळंद तालुक्यातील कडगंची येथे २००९ साली केंद्रीय विद्यापीठ आले, आणि घटनेच्या ३७१ (जे) कलमान्वये २०१३ पासून या विभागातील संस्थांत ७० टक्के व राज्यस्तरीय संस्थांत ८ टक्के जागा स्थानिकांसाठी राखल्या गेल्या. महाराष्ट्राच्या बाजूने पाहिले तर अभियांत्रिकीच्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांस स्वतंत्र प्रकाराखाली पात्र धरले जाते, आणि वैद्यकीय प्रवेशातही त्यांच्यासाठी काही जागा राखून ठेवल्या जातात. दोन्ही राज्यांनी जागा दिल्या. परंतु जागा मिळणे म्हणजे शिक्षण मिळणे नव्हे. सरकारी महाविद्यालयात फी बेताची असली तरी लातुरात वा कलबुर्गीत खोली घेऊन राहायचे, दोन वेळचे जेवायचे, पुस्तके घ्यायची आणि सणाला गावी यायचे, हा खर्च कोणतेही आरक्षण उचलत नाही. तो घरानेच उचलायचा असतो.

आणि घर तो कसा उचलते? बहुधा न बोलता. वडील आडत्याकडून पुढच्या मालावर उचल घेतात. आई पाटल्या गहाण टाकते आणि मुलास कळू देत नाही. थोरला भाऊ दहावीनंतर शाळा सोडून औताला लागतो, म्हणजे धाकट्याला शिकता यावे. मुलगाही आपल्या परीने काटकसर करतो; एक वेळचा डबा दोघांत खातो, सुटीच्या दिवशी दुकानात मापाडीचे काम करतो, आणि तेही घरी सांगत नाही. दोन्ही बाजूंनी त्याग आहे, पण दोन्ही बाजूंना दुसऱ्याच्या त्यागाची रक्कम ठाऊक नाही. पुढे मुलास नोकरी लागली म्हणजे हा न लिहिलेला हिशेब अचानक बाहेर निघतो. बाप म्हणतो, आम्ही तुझ्यासाठी काय केले नाही? मुलगा म्हणतो, मला कधी सांगितलेत? थोरला भाऊ काहीच बोलत नाही, आणि त्याचे मौन सर्वांत जड असते.

हिंदू कुटुंबात हा तंटा नवा नाही. त्याने एके काळी न्यायालयेही गाजवली. जुन्या हिंदू कायद्याप्रमाणे एखाद्याचे विशेष शिक्षण एकत्र कुटुंबाच्या पैशाने झाले असेल, तर त्या विद्येच्या बळावर त्याने मिळवलेली कमाई कुटुंबाची समाईक मिळकत ठरू शकत असे. १९२१ साली एका सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने हाच दृष्टिकोन धरला. ज्या घराने मुलास शिकवले त्या घराचा त्याच्या पगारावर कायमचा वाटा, असा त्याचा अर्थ झाला. यातून सुटका करण्यासाठी मुकुंदराव जयकर यांच्या पुढाकाराने कायदेमंडळाने १९३० साली ‘हिंदू विद्याधन कायदा’ केला. शिक्षणाचा खर्च कुटुंबाने केला एवढ्याच कारणावरून कमाई समाईक ठरणार नाही, ती मिळवणाऱ्याची स्वतःची, असे त्याने ठरवून टाकले. कायदा योग्यच होता. त्याने शिकलेल्या माणसास मोकळे केले. पण त्यामुळे कुटुंबाचा कायदेशीर हक्क गेला आणि केवळ नैतिक हक्क उरला. नैतिक हक्क शब्दावर चालतो, आणि शब्द आधी दिला गेला असेल तरच पुढे पाळता येतो.

आज मात्र एक कागद असा आहे की ज्यावर बाप आणि लेकरू दोघांचीही सही लागते. तो म्हणजे बँकेचा शैक्षणिक कर्जाचा कागद. भारतीय बँकांच्या संघटनेने २००१ साली आखलेल्या आदर्श योजनेप्रमाणे चार लाखांपर्यंतच्या कर्जास तारण लागत नाही, परंतु पालक सहकर्जदार व्हावा लागतो. शिक्षणाच्या काळात आणि त्यानंतर एक वर्षपर्यंत हप्ते मागितले जात नाहीत. फेड पंधरा वर्षांपर्यंत करता येते. ‘हप्ते मागत नाहीत’ यावरून पुष्कळ घरांत असा समज होतो की तोवर काही वाढतही नाही. तसे नाही. व्याजाची सुई पहिल्या दिवसापासून फिरत असते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी दर वर्षी एक लाख याप्रमाणे चार लाख रुपये उचलले आणि व्याज दहा टक्के सरळ धरले. पहिल्या वर्षी व्याज १०,००० रुपये, दुसऱ्या वर्षी २०,०००, तिसऱ्या वर्षी ३०,०००, चौथ्या वर्षी ४०,००० आणि सवलतीच्या पाचव्या वर्षी आणखी ४०,००० रुपये. म्हणजे फेड सुरू होईतो चार लाखांचे पाच लाख चाळीस हजार होतात. दहा वर्षांत फेडायचे म्हटले तर चार लाखांचा मासिक हप्ता सुमारे ५,३०० रुपये येतो. पाच लाख चाळीस हजारांचा सुमारे ७,१०० रुपये. नोकरीच्या पहिल्या पगारातून हे अठराशे रुपयांचे अंतर काढणे म्हणजे काय, हे शहरात खोली घेऊन राहणाऱ्या कोणत्याही तरुणास विचारावे.

आमची सूचना या उदाहरणातून निघते. व्याज वडिलांनी भरावे, मुद्दल लेकराने फेडावे. तुरीची पट्टी हाती येते त्या जानेवारीत वर्षाचे व्याज बँकेत भरून टाकावे. पहिल्या वर्षीचे दहा हजार आणि चौथ्या वर्षीचे चाळीस हजार या रकमा लहान नव्हेत. पण जून महिन्यात आडत्याकडून लाखाची उचल घेण्यापेक्षा जानेवारीत स्वतःच्या मालाच्या पैशातून व्याज भरणे सोपे आणि मानाचेही आहे. शिकत असतानाच व्याज भरणाऱ्यास दरात एक टक्क्यापर्यंत सूट देण्याची तरतूद त्या आदर्श योजनेतच आहे. मुलासही ठाऊक राहते की आपले देणे चार लाखच आहे, ते वाढत नाही. आणि जे वाढले असते ते बापाने आपल्या घामातून थोपवून धरले आहे. हाच तो उघड हिशेब. यात उपकार नाही, वसुली नाही. दोघांचा वाटा आहे.

सरकारनेही या बाबतीत काही केले आहे, ते घरोघरी ठाऊक असावयास हवे. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थांतील तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षणाच्या काळातील व्याज केंद्र सरकार देते. ज्यांस ही सवलत लागू पडते त्यांनी ती आधी मागावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारणाशिवाय व जामिनाशिवाय कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांस दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्के सवलत आहे. पण तालुक्याच्या गावी साधी कला वा विज्ञानाची पदवी घेणारा मुलगा या दोन्ही योजनांच्या बहुधा बाहेर राहतो. आमच्या गोव्यात शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी कर्ज देते. म्हणजे व्याजाचा भार येथे राज्याने उचलला आणि मुद्दल विद्यार्थ्याकडे राहिले. हीच वाटणी सीमाभागातील घराने स्वतःच्या बळावर करावी, असे आम्ही सांगत आहोत. दोन्ही राज्यांनी तिला हात दिला तर उत्तमच.

महाविद्यालयांनीही थोडे ऋतुमान ओळखावे. फीचा मोठा हप्ता जूनऐवजी जानेवारी-फेब्रुवारीत घेतला तर संस्थेचे फारसे बिघडत नाही आणि शेतकरी आडत्याच्या दारातून वाचतो. शेतसारा सुगीनंतर घेण्याची रीत राजेरजवाड्यांस कळत होती. ती संस्थाचालकांस कळू नये काय?

मग शिकत असताना विद्यार्थ्याने काहीच करू नये काय? अवश्य करावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकण्यास प्रतिष्ठा मिळवून दिली. आणि बसवकल्याणच्या मुलास श्रमाची थोरवी साताऱ्याहून सांगण्याचे तरी काय कारण? आठशे वर्षांपूर्वी याच कल्याणात बसवेश्वरांनी आणि त्यांच्या शरणांनी कायक व दासोह हे दोन शब्द जगास दिले. कायक म्हणजे प्रामाणिक श्रम आणि दासोह म्हणजे त्यातले समाजास अर्पण. स्वतःच्या खानावळीचा खर्च सुटीतल्या कामातून काढणारा विद्यार्थी त्याच वाटेवर आहे. मर्यादा एवढीच की काम अभ्यासास गिळू लागले तर तो वाटा महागात पडतो. नापास झालेले एक वर्ष कोणत्याही मजुरीने भरून निघत नाही.

मुलीविषयी स्वतंत्र बोलणे भाग आहे. मुलाच्या नावे कर्ज काढणारे घर मुलीच्या बाबतीत थबकते. ‘उद्या सासरी जाणार, फेडणार कोण?’ असा प्रश्न निघतो, आणि लग्नासाठी कर्ज काढणारा बाप पदवीसाठी हात आखडतो. कर्नाटकाने १९९४ साली आणि साऱ्या देशाने २००५ साली वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतका वाटा दिला. जमिनीत जिचा समान वाटा तिचा शिक्षणाच्या खर्चातही समान वाटा असला पाहिजे, आणि फेडीतही. सोयरीक ठरवताना मुलीचे शैक्षणिक कर्ज लपवण्याची गोष्ट नव्हे. हुंड्यापेक्षा ते शतपटींनी सन्मानाचे आहे.

आमच्या या सूचनेस एक मर्यादा आहे, ती आम्ही झाकून ठेवीत नाही. ज्याच्याकडे तूर नाही, शेतही नाही, असा शेतमजूर जानेवारीत व्याज कोठून आणणार? त्याच्या मुलासाठी वाटणीची भाषा क्रूर ठरेल. तेथे शिष्यवृत्ती आणि वसतिगृह हाच उपाय, आणि ती शिष्यवृत्ती वर्ष संपल्यावर नव्हे, वर्ष सुरू होताना हाती पडली पाहिजे. उशिरा आलेली मदत सावकाराच्या व्याजातच जिरते.

परंतु ज्या घरात थोडी जमीन आहे, थोडी मिळकत आहे आणि शिकण्याची जिद्द आहे, त्या घरात यंदा प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक बैठक व्हावी. वडील, आई, थोरला भाऊ, बहीण आणि शिकायला निघालेले लेकरू सर्वांनी बसावे. किती लागणार, कोण किती देणार, कोण कधी फेडणार आणि ज्या भावाने औत धरले त्याचे पुढे काय, हे वहीत लिहावे. वही शाळेचीच असली तरी चालेल. विद्याधन भावांत वाटले जात नाही असे आपण म्हणतो. पण त्या धनाची किंमत अनेकांनी मिळून दिलेली असते, आणि कोणी किती दिली हे सर्वांस ठाऊक असावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.