सहा लाख एकरांचे खरेदीखत

जमिनीच्या एका कागदापायी तीन तीन पिढ्या कचेरीचे उंबरे झिजवणारी घराणी आपल्याकडे कमी नाहीत. पण ‘ही जमीन तुमची कधी नव्हतीच’ असे ज्यांना परक्यांनी येऊन सांगितले, त्यांनी कोणता कागद काढून दाखवावा? ऑस्ट्रेलियातील आदिवासींची कहाणी नेमकी येथे सुरू होते.

१८३५ साली जॉन बॅटमन नावाचा एक गोरा गृहस्थ टास्मानियातून समुद्र ओलांडून आजच्या मेलबर्नजवळ उतरला. त्याने वुरुंजेरी जमातीच्या वडीलधाऱ्यांकडून सुमारे सहा लाख एकर जमीन ‘विकत’ घेतली. मोबदला काय? घोंगड्या, कुऱ्हाडी, सुऱ्या, कात्र्या, आरसे, हातरुमाल आणि पीठ; शिवाय दरसाल असाच नजराणा! ज्यांच्या लेखी जमीन विकण्याची वस्तूच नव्हे, त्यांनी हा व्यवहार कसा समजून घेतला असेल? पाहुण्याला आपल्या मुलखातून सुखरूप जाऊ देण्याचा त्यांचा एक विधी होता. तोच हा, असे त्यांना वाटले असावे, हे अभ्यासकांचे मत मला पटते.

पुढची गंमत ऐका. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर बर्क याने ते खत रद्द केले. भोळ्या माणसांची फसवणूक झाली म्हणून? छे! जमीन ब्रिटिश राजाची, ती विकायला हे लोक कोण, म्हणून.

त्या खताच्या वेळी हजर असलेला एक मुलगा पुढे विल्यम बराक या नावाने आपल्या लोकांचा पुढारी झाला. १८६३ साली मेलबर्नपासून सुमारे साठ किलोमीटरवर कोरँडर्क येथे या लोकांनी वस्ती केली. रान साफ केले, घरे बांधली, गहू आणि भाजीपाला पिकवला. जमीन कसदार निघाली, आणि तिच्यावर गोऱ्या शेजाऱ्यांचे डोळे गेले. वस्ती मोडण्याचा घाट घातला गेला. तेव्हा बराक आणि त्यांचे सोबती अर्ज घेऊन पायी मेलबर्नला जात. १८८१ साली सरकारला चौकशी नेमावी लागली आणि आदिवासींच्या साक्षी कागदावर आल्या. वस्ती तूर्त वाचली. पण १८८६ च्या कायद्याने मिश्र रक्ताच्या तरुणांना बाहेर काढले. कसणारे हातच गेले! बराक १९०३ साली वारले. १९२४ साली वस्ती बंद झाली.

‘हे लोक मालक नव्हतेच’ हा सिद्धांत मोडायला १९९२ उजाडावे लागले. तो मोडणारा एडी माबो मुख्य भूमीचा आदिवासी नव्हे, टोरेस सामुद्रधुनीतील मर बेटाचा. एका विद्यापीठात माळीकाम करणारा. बेटावरची आपली वडिलोपार्जित जमीन कायद्याने सरकारची आहे, हे दोन इतिहासकारांनी सांगितले तेव्हा त्याचा विश्वासच बसेना. १९८२ साली तो कोर्टात गेला. ३ जून १९९२ रोजी वरिष्ठ न्यायालयाने मूळ रहिवाशांची मालकी मान्य केली. निकाल ऐकायला माबो नव्हता. जानेवारीतच तो गेला होता.

आणि कोरँडर्क? १९९९ साली तिथला सुमारे दोनशे एकरांचा तुकडा तिथल्या जुन्या रहिवाशांच्या वंशजांकडे आला. तोही विकत घेऊनच द्यावा लागला.