वाद्याच्या काठावरील पट्टी : खरडकाम आणि सफाई

तंबोरा, सतार आणि गिटार या वाद्यांची घडण भिन्न असली, तरी त्यांच्या कारागिरांपुढे एक प्रश्न समान आहे. लाकडाच्या काठावर बसविलेली पांढरी पट्टी केवळ शोभेची नसते. लाकडाचा उघडा छेद ती झाकते, ओलावा रोखते आणि काठावरचा आघात सोसते. वाद्य पुरे करताना ही पट्टी स्वच्छ व लाकडाशी समपातळी कशी करावी, हा तो प्रश्न होय.

महाराष्ट्रात या कामाचे प्रमुख केंद्र मिरज हे आहे. तेथे तंतुवाद्यनिर्मितीचा आरंभ सुमारे १८५० च्या सुमारास फरीदसाहेब यांच्यापासून मानला जातो. हे घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणाऱ्यांचे. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पूर्वी सजावटीसाठी हस्तिदंत व सांबरशिंग वापरीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील पुढील दुरुस्त्या यांनी त्यांचा व्यापार निषिद्ध ठरविला. तत्पूर्वीच त्यांची जागा सेल्युलॉइड घेऊ लागले होते.

सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचे मिश्रण. सफाईचे सारे नियम या घटनेतूनच निघतात. अ‍ॅसिटोनमध्ये ते विरघळते. म्हणूनच त्याचे तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून पट्टी चिकटविता येते. त्याच कारणाने अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पट्टी पुसली, तर मळाबरोबर पृष्ठभागही जातो आणि कोरीव रेषा बुजतात. कापूर स्पिरिटमध्येही विरघळतो. शिवाय पट्टीला लागून शिसवी लाकूड असेल, तर स्पिरिटने त्याचा गडद रंग सुटून पांढऱ्या पट्टीत उतरतो. तात्पर्य, ही सफाई द्रावकाची नव्हे, पात्याची आहे.

काचकागदानेच सारे काम उरकणेही हितावह नाही. तुणाचे लाकूड मऊ आणि पट्टी चिवट असल्याने बोटाखाली धरलेला कागद लाकूड अधिक खातो व पट्टी उंच राहते. लाकडाचा गडद भुसा पट्टीच्या ओरखड्यांत बसतो, तो वेगळाच. त्यातही सेल्युलॉइडचा कोरडा भुसा झटकन पेट घेतो. जवळ दिवा वा शेगडी असू नये.

योग्य क्रम असा : चिकटविल्यावर काही दिवस थांबावे. द्रावक उडून जाताना पट्टी किंचित आकसते. घाईने समपातळी केलेली पट्टी पुढे लाकडाच्या खाली जाते. नंतर धार वळविलेले सपाट पोलादी पाते जवळजवळ उभे धरून, ओढीच्या दिशेला थोडे कलवून, पट्टीच्या लांबीने ओढावे. पातळ, वळलेला कीस निघावा. भुकटी निघू लागल्यास धार गेली असे समजावे. लहरी उठल्यास पात्याचा कोन बदलावा. शेवटी लाकडी ठोकळ्यावर गुंडाळलेला ४०० व मग ६०० क्रमांकाचा कागद हलक्या हाताने फिरवावा आणि भुसा कोरड्या कुंचल्याने झाडावा.

रंग किंवा लाखेचे पॉलिश चढविताना पट्टीवर आलेला रंग, थर वाळल्यावर, पात्याने अलगद खरवडून काढतात आणि त्यानंतरच शेवटचे बिनरंगी थर देतात. लाखेच्या पॉलिशमध्ये स्पिरिट असल्याने बोळा पट्टीवर एके जागी थांबू देऊ नये.

जुन्या वाद्याच्या बाबतीत प्रथम पदार्थ ओळखावा. घासल्यावर कापराचा वास आला, तर ते सेल्युलॉइड. बारीक गडद ठिपके दिसले, तर हाड. तापलेल्या सुईची परीक्षा सेल्युलॉइडच्या बाबतीत धोक्याची आहे. पट्टीला जाळीदार तडे गेले असतील, आंबूस वास येत असेल किंवा लगतच्या पितळेवर हिरवा थर धरला असेल, तर नायट्रोसेल्युलोजचे विघटन सुरू झाले आहे. ते खरडून थांबत नाही. त्यातून निघणारे आम्ल लाकडास व तारांसही बाधते. अशी पट्टी काढून नवी बसविणे हाच उपाय, आणि तोवर वाद्य बंद पेटीत कोंडू नये.

नाशिकसारख्या ठिकाणी उन्हाळा कोरडा आणि पावसाळा दमट असतो. तेथे लाकूड ऋतूप्रमाणे आकसते व फुगते, पट्टी मात्र त्या प्रमाणात हलत नाही. म्हणून काठावर जाणवणारी बारीक कड प्रत्येक वेळी कारागिराची चूक नसते. ती दिसताच खरडण्यास प्रवृत्त होऊ नये, एक ऋतुचक्र पाहावे. प्रत्येक खरडीबरोबर पट्टी पातळ होते आणि गेलेली जाडी पुन्हा येत नाही.