निळ्या अर्धवर्तुळातील एक पाय : रद्द झालेल्या गोलाचा वाद का मिटत नाही

अमेरिकेतील महाविद्यालयीन आइस हॉकीच्या चाहत्यांमध्ये एक विषय निघाला की संभाषण सहजासहजी संपत नाही. निसटता सामना, एका गोलाचा फरक आणि त्याच सामन्यात पंचांनी रद्द केलेला एक गोल. विद्यापीठांच्या संघांमध्ये दर हिवाळ्यात असे प्रसंग घडतात आणि बहुतेक पुढच्या शनिवारपर्यंत विस्मरणात जातात. १० एप्रिल २००४ रोजी बॉस्टन येथे झालेल्या राष्ट्रीय अंतिम सामन्याचे मात्र तसे झाले नाही. डेन्व्हर विद्यापीठाने मेन विद्यापीठाचा १-० असा पराभव केला. मेनने चकती जाळ्यात धाडली होती, पण गोल मोजला गेला नाही, कारण मेनच्याच दुसऱ्या एका खेळाडूचा स्केट गोलरक्षकासाठी राखलेल्या निळ्या अर्धवर्तुळात होता.

भारतीय वाचकाच्या मनात हॉकी म्हटले की हिरवे अथवा निळे कृत्रिम मैदान आणि प्रत्येकी अकरा खेळाडू येतात. आइस हॉकी हा निराळा खेळ आहे. सुमारे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद बर्फाच्या रिंगणात प्रत्येक बाजूने गोलरक्षकासह सहा जण खेळतात. चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची कठीण रबरी चकती असते. वीस मिनिटांची तीन सत्रे होतात. गोलजाळे सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असते. त्याच्यापुढे फिकट निळ्या रंगाने रंगवलेले छोटे अर्धवर्तुळ असते. त्याला क्रिकेटप्रमाणेच क्रीज म्हणतात आणि ती जागा गोलरक्षकाची समजली जाते.

मैदानी हॉकीशी तुलना केली तर एक गंमत ध्यानात येते. आपल्या हॉकीतही गोलापुढे अर्धवर्तुळ असते, परंतु तेथे आक्रमकाने वर्तुळाच्या आत चेंडूला स्पर्श केल्याखेरीज गोल होत नाही. बर्फावर चकती कोठूनही मारलेली चालते. अडचण आक्रमकाचे पाय गोलरक्षकाच्या जागेत शिरले की सुरू होते. म्हणजे एका खेळात अर्धवर्तुळात जावेच लागते, तर दुसऱ्यात तेथे गेल्याने केलेला गोल हातचा जाऊ शकतो.

गोल रद्द होण्याची कारणे अनेक आहेत. चकती पूर्णपणे गोलरेषा ओलांडायला हवी. तिची कडा रेषेला चिकटून राहिली तरी गोल होत नाही. आडव्या दांडीहून उंच धरलेल्या काठीने ती आत ढकललेली चालत नाही आणि स्पष्टपणे लाथाडून घातलेलीही चालत नाही. चकती पंचांच्या नजरेआड गेली आणि त्यांनी खेळ थांबवायचे ठरवले, तर शिट्टी प्रत्यक्ष वाजण्यापूर्वीच खेळ थांबल्याचे मानले जाते. या शेवटच्या नियमाने किती प्रेक्षागृहांत गदारोळ माजवला असेल याची मोजदाद नाही. चकती आत गेलेली सर्वांना दिसते, पंचांच्या मनातील निर्णय मात्र कोणालाच दिसत नाही.

या सर्व कारणांत अधिक बोचणारे कारण क्रीजचे. त्याचा इतिहास समजून घेतल्याशिवाय २००४ची तक्रार नीट कळत नाही.

गोलजाळ्याजवळची गर्दी आणि गोलरक्षकाला होणारी धडक रोखण्यासाठी नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेने १९९०च्या दशकात क्रीजचा नियम कडक केला. चकती आत येण्यापूर्वी आक्रमकाचा स्केट क्रीजमध्ये असेल तर गोल रद्द, मग गोलरक्षकाला प्रत्यक्ष अडथळा झालेला असो वा नसो. हेतू स्तुत्य होता. परंतु व्हिडिओ चित्रणाची जोड मिळताच नियमाचे रूप पालटले. जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला, चकतीशी काहीही संबंध नसलेल्या खेळाडूच्या स्केटचे टोक निळ्या रंगावर दिसले तरी उत्तम गोल पुसला जाऊ लागला. गोल झाला की खेळाडू जल्लोष करण्याआधी पंचांकडे पाहू लागले.

या नियमाचा शेवटही त्याच्याच एका प्रसंगाने झाला. जून १९९९मध्ये स्टॅन्ली चषकाच्या अंतिम मालिकेतील सहाव्या सामन्यात, तिसऱ्या जादा सत्रात, डॅलस संघाच्या ब्रेट हलने बफेलोविरुद्ध गोल केला आणि चषक डॅलसकडे गेला. हलचा डावा पाय क्रीजमध्ये होता. चकतीवर त्याचा ताबा होता, म्हणून गोल वैध, असे लीगने स्पष्ट केले. वर्षभर जो नियम अक्षरशः लावला गेला तो नेमक्या निर्णायक क्षणी सैल झाला, ही बफेलोकरांची भावना आजतागायत गेलेली नाही. त्यानंतर लगेचच लीगने तो नियम काढून टाकला आणि आक्रमकामुळे गोलरक्षकाला अडथळा झाला का, हा प्रश्न पंचांच्या विवेकावर सोपवला.

महाविद्यालयीन हॉकीचे नियम मात्र वेगळी संस्था ठरवते. राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या नियमपुस्तकात २००४ साली क्रीजची बंधने व्यावसायिक हॉकीपेक्षा कडक होती. त्यामुळे त्या एप्रिलमध्ये बॉस्टनमध्ये डेरेक डेमनने चकती जाळ्यात धाडली, रिप्ले तपासला गेला, सहकारी माइक हॅमिल्टनचा स्केट क्रीजमध्ये आढळला आणि गोल गेला. मेनच्या पाठीराख्यांची तक्रार स्केट आत नव्हता अशी नव्हतीच. त्या स्केटने गोलरक्षकाचे काय बिघडवले, असा त्यांचा सवाल होता. पाच वर्षांपूर्वी व्यावसायिक हॉकीने जो नियम सदोष म्हणून टाकून दिला, त्याच धर्तीच्या नियमाने विद्यार्थ्यांच्या आयुष्यातील बहुधा एकमेव अंतिम सामन्याचा निकाल ठरावा काय, हा त्यांचा खरा रोष होता.

क्रिकेटप्रेमींना याची तुलना नोबॉलशी करता येईल. १८ जून २०१७ रोजी ओव्हल मैदानावर चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात जसप्रीत बुमराहच्या चेंडूवर फखर झमान ३ धावांवर यष्टिरक्षकाकडे झेल देऊन बाद झाला, पण बुमराहचा पाय रेषेपुढे पडला होता. फखरने पुढे ११४ धावा केल्या आणि पाकिस्तानने तो सामना १८० धावांनी जिंकला. त्या इंचभर पावलाने बुमराहला कोणताही लाभ झाला नव्हता, हे सर्वांना ठाऊक होते. भारतीय प्रेक्षक हळहळले, बुमराहवर चिडलेही. पण नियमच अन्याय्य आहे असे फारसे कोणी म्हणाले नाही. गल्लीतल्या सामन्यापासून विश्वचषकापर्यंत नोबॉलची ती रेषा एकच असते. मेनच्या चाहत्याची अवस्था तशी नव्हती. आठवड्याच्या मधल्या दिवशी दूरचित्रवाणीवर व्यावसायिक सामन्यात जो गोल धरला जाताना तो पाहत होता, तोच शनिवारी विद्यापीठाच्या सामन्यात रद्द होत होता. कठोर रेषा माणसे निमूटपणे स्वीकारतात, पण ती सर्वांसाठी आणि सर्वत्र एकच आहे एवढी खात्री त्यांना हवी असते.

दुसरी बाजूही लंगडी नाही. डेन्व्हरचे समर्थक म्हणतात की नियमपुस्तक हंगामाच्या आरंभीच सर्वांच्या हाती असते. क्रीजमध्ये जाऊ नये हे मेनच्या खेळाडूंना ठाऊक होते. अडथळा झाला की नाही हे ठरवणे पंचांवर सोपवले तर दर वेळी नवा वाद निर्माण होतो. व्यावसायिक हॉकीत नेमके तेच घडले आहे : क्रीजचा कडक नियम गेला, पण गोलरक्षकाला झालेल्या अडथळ्याविषयीचे निर्णय आजही तेथील सर्वाधिक वादग्रस्त निर्णयांपैकी आहेत. एकसारख्या भासणाऱ्या दोन प्रसंगांत दोन निकाल लागले की प्रशिक्षकांपासून समालोचकांपर्यंत सर्वांचीच कुरकुर सुरू होते. निर्जीव रेषेचा अन्याय आणि माणसाच्या विवेकाचा अन्याय, यांपैकी कोणता पत्करायचा, यावर चाहत्यांचे एकमत होण्याची चिन्हे नाहीत.

व्हिडिओ चित्रणाने वाद संपतील ही अपेक्षा येथेच फसली. चित्रण काय घडले एवढेच सांगते. रिप्लेपूर्वी भांडण स्केट आत होता की बाहेर यावर होत असे आणि दोन्ही बाजू आपापल्या डोळ्यांची साक्ष काढत. रिप्लेनंतर ती जागा मोकळी झाली आणि भांडण नियमाच्या योग्यतेकडे वळले. शिवाय चित्रण संदिग्ध असेल तर बर्फावरील मूळ निर्णय कायम राहतो. तो बदलण्यासाठी निर्विवाद पुरावा लागतो. यामुळे एक विचित्र स्थिती उद्भवते. त्याच प्रसंगात पंचांनी प्रथम गोल दिला असता तर गोल राहिला असता आणि नाकारला असता तर नाकारलेलाच राहिला असता. क्रिकेटमधील ‘अम्पायर्स कॉल’वर चरफडणाऱ्यांना ही भावना नवी नाही.

तो गोल धरला असता तर साठ मिनिटांअखेर १-१ अशी बरोबरी झाली असती, हे मेनच्या बाजूने नेहमी मांडले जाणारे गणित दिसते तितके भक्कम नाही. एका गोलाने आघाडीवर असलेला संघ बचावात्मक खेळतो, बरोबरीत असलेला तसा खेळत नाही. एक गोल बदलला की पुढचा प्रत्येक पास, प्रत्येक बदली, प्रत्येक धोका बदलतो. तो दुसरा सामना कसा संपला असता, हे सांगणे अशक्य आहे.

आणि प्रत्यक्षात झालेल्या सामन्यात मेनला आणखी एक संधी मिळाली होती. अखेरच्या सुमारे दीड मिनिटात डेन्व्हरचे दोन खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसले होते. मेनने आपला गोलरक्षक काढून सहावा आक्रमक उतरवला. बर्फावर सहा विरुद्ध तीन! आइस हॉकीत संख्याबळाचा याहून मोठा फरक होऊच शकत नाही, कारण कितीही शिक्षा झाल्या तरी गोलरक्षक वगळून तीन खेळाडूंहून कमी जण ठेवता येत नाहीत. तरीही डेन्व्हरचा गोलरक्षक ॲडम बर्कहोल आणि त्याच्यापुढचे तीन जण तग धरून राहिले. गेब गॉथियरचा एकमेव गोल पुरला. १९६९नंतर डेन्व्हरला प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद मिळाले आणि बर्कहोल स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला. रद्द गोलाची कथा सांगताना मेनचे चाहते हे दीड मिनिट घाईने उरकतात, अशी डेन्व्हरवाल्यांची कोपरखळी असते. ती अगदीच अनाठायी नाही.

एवढ्या वर्षांनंतरही ही जखम ताजी राहते, यामागे या स्पर्धेची रचना आहे. व्यावसायिक हॉकीत विजेतेपदासाठी सातपैकी चार सामने जिंकावे लागतात. एखादा चुकीचा निर्णय पुढच्या सामन्यात भरून काढता येतो. महाविद्यालयीन राष्ट्रीय स्पर्धेत सोळा संघ असतात आणि एका पराभवात सारे संपते. खेळाडूला साधारण चार हंगाम मिळतात, मग तो पदवी घेऊन बाहेर पडतो. या स्पर्धेत प्रवेश मिळवतानाही हंगामभराच्या प्रत्येक सामन्याचा निकाल गणिती क्रमवारीत मोजला जातो, म्हणून नोव्हेंबरमध्ये रद्द झालेला एखादा गोल मार्चमध्ये संघाला घरी बसवू शकतो. त्यातच मेन हे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील विरळ वस्तीचे राज्य. तेथे मोठ्या व्यावसायिक लीगचा एकही संघ नाही. ओरोनो या छोट्या गावातील विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ, अशी तेथील भावना आहे. १९९३ आणि १९९९ साली त्याने विजेतेपद पटकावले. २००२च्या अंतिम सामन्यात मिनेसोटाने जादा वेळेत ४-३ असे हरवले. दोन वर्षांनी पुन्हा अंतिम फेरी आणि पुन्हा एकच गोल कमी, या पार्श्वभूमीवर हॅमिल्टनच्या स्केटची चर्चा अजून होते यात नवल नाही.

आपल्याकडे हा खेळ मुख्यतः लडाख आणि हिमाचल प्रदेशातील स्पितीच्या गोठलेल्या तलावांवर वाढला. भारतीय महिला संघाने २०२५ साली आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांमुळे त्याचे सामने आता अधिक लोकांच्या पाहण्यात येतात. लेहमधील प्रेक्षकांनाही गोलरक्षकाचे ते निळे अर्धवर्तुळ चांगलेच परिचयाचे झाले आहे.

ओरोनो आणि डेन्व्हर यांच्यातील हिशेबाला पुढे एक अनपेक्षित वळण लागले. मेनच्या १९९३च्या अंतिम विजयात तिसऱ्या सत्रात तीन गोल करणारा कर्णधार जिम माँटगोमेरी पुढे प्रशिक्षक झाला आणि २०१७ साली त्याने एका विद्यापीठाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. ते विद्यापीठ डेन्व्हर होते. २०२४ साली डेन्व्हरने दहावे विजेतेपद जिंकले. मेनच्या खात्यावर तेव्हाही दोनच होती.