नाव एक, पायथन दोन
लेखमाला : कमांडच्या मागे – लेखांक ९

टर्मिनलवर एखादा शब्द टाइप केला की शेल ठरावीक फोल्डरांमध्ये त्या नावाची फाइल शोधतं आणि पहिली सापडेल ती चालवतं, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. आजचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एकाच भाषेच्या दोन आवृत्त्या संगणकावर असतील, तर नुसतं नाव घेतल्यावर ‘ओ’ कोणी द्यायची?

३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० आलं. भाषेतल्या जुन्या चुका दुरुस्त करायच्या होत्या, म्हणून पायथन २ शी असलेली सुसंगतता त्यात जाणूनबुजून सोडली होती. जुन्या पायथनमध्ये ‘प्रिंट’ कंसाशिवाय लिहिता येत असे. नव्यात तसं लिहिलं तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. हा बिघाड निदान लगेच दिसतो. भागाकाराचं तसं नाही. ७ ला २ ने भागलं तर जुनं पायथन ३ म्हणतं, नवं ३.५. तक्रार दोघंही करत नाहीत. रोज रात्री आपोआप चालणाऱ्या एखाद्या जुन्या स्क्रिप्टखालचं पायथन असं बदललं, तर आकडे चुकत राहतात आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

लिनक्सपुढे याहून मोठा पेच होता. त्याची स्वतःची अवजारंही पायथनमध्येच लिहिलेली. सेंटओएस ७ मध्ये पॅकेज टाकणारं ‘यम’ घ्या. त्या फाइलीच्या पहिल्याच ओळीत, म्हणजे शिबँगमध्ये, ‘पायथन’ असा बिनआकड्याचा पत्ता आहे. त्या नावाला पायथन २ च ओ देणार, हे गृहीत होतं. आता कोणी हौसेनं त्या नावाची सिमलिंक पायथन ३ कडे वळवली, तर त्याची स्वतःची स्क्रिप्ट छान चालते, पण यम ‘सिंटॅक्स एरर’ देऊन थांबतं. कारण एवढंसं: ‘एक्सेप्ट’च्या ओळीतला एक स्वल्पविराम. पायथन ३ ला तिथे ‘अ‍ॅज’ लागतं. आणि दुरुस्तीसाठी पॅकेज टाकावं म्हटलं, तर ते टाकणारं अवजारच बंद!

मग नाव वळवायचं की नाही? आर्च लिनक्सने ऑक्टोबर २०१० मध्येच ते पायथन ३ ला देऊन टाकलं. २०११ मध्ये पायथनच्याच मंडळींनी ‘पेप ३९४’ लिहून सबुरीचा सल्ला दिला: तूर्त ‘पायथन’ म्हणजे पायथन २ च राहू द्या, पण स्क्रिप्टमध्ये ‘पायथन२’ किंवा ‘पायथन३’ असं आकड्यासकट लिहा.

१ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार संपणार, हे ठरलेलं होतं. तेव्हा नाव धाकट्याकडे जाईल असं वाटलं असतं. पण २०१९ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ ने वेगळीच वाट धरली. ताज्या इन्स्टॉलेशनमध्ये नुसतं ‘पायथन’ कोणाकडेच जात नाही. यंत्रणेच्या अवजारांसाठी ‘प्लॅटफॉर्म-पायथन’ बाजूला राखून ठेवलं. उबंटू २०.०४ मध्येही ते नाव रिकामंच असतं. ते पायथन ३ ला द्यायचं असेल तर ‘पायथन-इज-पायथन३’ नावाचं पॅकेज आपण स्वतः टाकायचं.

‘कमांड नॉट फाउंड’ पाहून वैताग येतो खरा. तरीही मला हा निर्णय मनापासून पटतो. ती जुनी स्क्रिप्ट लिहिणारा माणूस कदाचित नोकरी सोडून गेलेला असतो. तिला काय अभिप्रेत होतं, हे यंत्रणेला कळणं शक्य नाही. अशा वेळी तिने अंदाजाने ओ देण्यापेक्षा गप्प राहावं. ३ की ३.५, हे मग कोणीतरी माणूस फाइल उघडून, वाचून ठरवतो.

आपल्यापुरतं सांगायचं तर शिबँगमध्ये आकडा लिहा आणि यंत्रणेच्या पायथनला हात लावू नका. आपल्याला हवी ती आवृत्ती आणि लायब्ररी शेजारी वेगळी कशी मांडायची, ते पुढच्या आठवड्यात ‘व्हेन्व’च्या निमित्ताने पाहू.